मिलानच्या दोन बायका आणि गुरुवारची देवी: चेटकिणींच्या छळावर ऐतिहासिक कादंबरी कशी लिहावी

मिलान शहरात १३९० साली सिबिल्ला आणि पिएरिना या दोन बायकांना इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड शोधून काढणाऱ्या चर्चच्या न्यायव्यवस्थेने, पाखंडी ठरवलं आणि नागरी सत्तेच्या हवाली केलं. हवाली करणं याचा अर्थ तेव्हा एकच होता: मृत्यू. दर गुरुवारी रात्री आपण एका बाईच्या मेळ्याला जातो, असं त्यांनी सांगितलं होतं. ती बाई म्हणजे मदोन्ना ओरिएंते. ती औषधी वनस्पतींचे गुण शिकवायची, चोरीला गेलेल्या वस्तू कुठे आहेत ते सांगायची, लागलेली करणी उतरवायची. मेळ्यात बैल कापून खाल्ला जाई. मग त्याची हाडं कातड्यात गोळा करत, ओरिएंते आपल्या काठीने स्पर्श करी आणि बैल जिवंत होऊन उभा राही.

देवीची उपासना आणि चेटकिणींचा छळ या विषयावर कादंबरी लिहू इच्छिणाऱ्या मराठी लेखकाने हेच प्रकरण घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. यात देवी आहे, छळ आहे, कागदपत्रं आहेत, आणि कल्पनेला हक्काची मोकळी जागा आहे. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रकरणाच्या आधाराने सांगतो. तुम्ही स्कॉटलंड निवडा नाहीतर जर्मनी, कामाची पद्धत तीच राहील.

आधी साल आणि गाव पक्कं करा

‘मध्ययुगीन युरोप’ हे कादंबरीचं स्थळ होऊ शकत नाही. चेटकिणींबद्दलची समजूत दर शतकाला पालटत गेली, आणि तुमच्या पात्राचं मरण-जगणं त्या समजुतीवर ठरतं.

इ. स. ९०६च्या सुमारास प्र्युमच्या रेगिनो नावाच्या मठाधिपतीने चर्चच्या नियमांचा संग्रह केला. काही बायका रात्री डायना देवीबरोबर जनावरांवर बसून फिरतो असं मानतात, असं त्यात म्हटलं आहे. हा सैतानाने दाखवलेला भ्रम आहे आणि तो खरा मानणं हेच पाप आहे, असा त्याचा निवाडा. म्हणजे दहाव्या शतकात उडणारी बाई दोषी होती ती खुळ्या समजुतीपायी. १३७६ मध्ये आरागॉनचा इन्क्विझिटर (इन्क्विझिशनचा न्यायाधीश) निकोलाउ आयमेरिक याने आपल्या सहकाऱ्यांसाठी मार्गदर्शिका लिहिली. तोवर भुताखेतांना आवाहन करणं हे पाखंडात मोडू लागलं होतं. १४८६-८७ मध्ये जर्मन भूमीत छापल्या गेलेल्या ‘मालेउस मालेफिकारुम’ या चेटकिणींविरुद्धच्या कुप्रसिद्ध ग्रंथाने आणखी पुढचं टोक गाठलं. आणि ज्याला आपण छळाचा कळस म्हणतो, तो त्यानंतर, साधारण १५६० ते १६३० या काळातला.

मिलानच्या या बायका आयमेरिकनंतरच्या आणि मालेउसच्या आधीच्या. त्यांच्या काळात सैतानाच्या महामेळाव्याचं ठरीव चित्र अजून तयार झालेलं नव्हतं. झाडूवर बसून उडणाऱ्या बायकांची अगदी सुरुवातीची जी चित्रं आपल्याला माहीत आहेत, ती १४५१च्या एका फ्रेंच हस्तलिखितातली. तेव्हा १३८४ सालच्या, म्हणजे या बायकांच्या पहिल्या चौकशीच्या, तुमच्या प्रकरणात झाडूवरची उड्डाणं, टोकदार टोपी, काळी मांजर यांपैकी काही आलं, तर ते खोडा.

दोन दंतकथांना उंबऱ्याबाहेरच ठेवा

पहिली दंतकथा नव्वद लाखांची. युरोपात नव्वद लाख चेटकिणी जाळल्या गेल्या, असं अजूनही लिहिलं-बोललं जातं. हा आकडा अठराव्या शतकातल्या फोइग्ट नावाच्या जर्मन गृहस्थाचा. त्याने एका छोट्या भागातल्या मोजक्या खटल्यांवरून साऱ्या युरोपचा आणि कित्येक शतकांचा हिशेब मांडला. आजचे अभ्यासक मृत्युदंडांची संख्या ४० ते ६० हजारांच्या आसपास धरतात. त्यांत सुमारे तीन चतुर्थांश बायका होत्या, पण सगळीकडे नाही. आइसलँडमध्ये दोषी ठरलेले बहुतेक पुरुष होते. पन्नास हजार जीव हा आकडा स्वतःच्या बळावर हादरवणारा आहे. तो फुगवला की चाणाक्ष वाचकाचा तुमच्या बाकीच्या पानांवरचाही विश्वास उडतो.

दुसरी दंतकथा जास्त गोड, म्हणून जास्त घातक. चेटकिणी म्हणजे ख्रिस्तपूर्व धर्माच्या गुप्त पुजारिणी होत्या आणि चर्चने तो संघटित धर्म चिरडला, असं ब्रिटिश अभ्यासक मार्गारेट मरे यांनी १९२१ मध्ये मांडलं. त्यांनी खटल्यांतले वेचक तुकडे घेतले आणि अडचणीचे सोडले, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं. देवी म्हटलं की आपल्या लेखणीला उधाण येतं, त्यामुळे मराठी लेखकाला हा सिद्धान्त फार भुरळ घालतो. पण सिबिल्ला आणि पिएरिना या बाप्तिस्मा झालेल्या, चर्चला जाणाऱ्या मिलानी बायका होत्या. ओरिएंते आपल्या मेळ्याची स्वामिनी आहे, जसा ख्रिस्त जगाचा स्वामी आहे, असं त्यांचं म्हणणं नोंदवलेलं आहे. दोन्ही गोष्टी एकाच मनात शेजारी शेजारी नांदत होत्या. हा शेजार तुम्हाला लिहिता आला पाहिजे. गुप्त धर्माची बंडखोर पुजारीण लिहिणं त्याच्या मानाने फार सोपं आहे.

आणखी एक भेद इथेच मनाशी पक्का करा. ज्या खटल्यांत शेजारणीने गाय आटवली, मूल मारलं, गारपीट आणली असे आरोप असतात, ते खटले वेगळे. ओरिएंतेचा मेळा उलट बरं करणारा, सापडवून देणारा, आशीर्वाद देणारा आहे. हे दोन प्रवाह पुढच्या शतकात एकमेकांत मिसळले आणि त्यातून भयंकर काहीतरी जन्माला आलं. ते मिसळण्याआधीचा क्षण तुमच्या हातात आहे. तो घालवू नका.

निकालपत्र तीन रंगांत वाचा

या प्रकरणात आपल्या हाती आहेत ती निकालपत्रं. ती लॅटिनमध्ये आहेत. बायका बोलल्या लोम्बार्द बोलीत. मधे बसला होता लेखनिक. तो ऐकता ऐकता त्यांचं बोलणं लॅटिनमध्ये उतरवत होता. शिवाय बायका आपणहून बोलल्या नाहीत, त्यांना प्रश्न विचारले गेले.

म्हणून उताऱ्याची प्रत घ्या आणि तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन बसा. जे वाक्य चर्चच्या जुन्या नियमांतून किंवा मार्गदर्शिकेतून आलेलं दिसतं ते लाल. जे लेखनिकाच्या ठरावीक भाषेतलं आहे ते निळं. जे या दोन्हींतून येणं शक्यच नव्हतं ते हिरवं.

करून पाहा, चित्र लगेच उलगडतं. न्यायाधीशांना त्या मेळ्यात डायना दिसते, बायबलमधली हेरोदियास दिसते, कारण चर्चच्या ग्रंथांत तीच नावं लिहिलेली होती. हे लाल. बायका मात्र ओरिएंते म्हणतात. हे हिरवं. पिएरिनाच्या १३९०च्या कबुलीत लुचिफेल्लो नावाच्या आत्म्याला तिने स्वतःला वाहून घेतल्याचं येतं. इथे लाल रंग पानभर पसरू लागतो, आणि इन्क्विझिशनला काय ऐकायचं होतं ते कळतं.

आणि मग हिरव्यातलं सर्वांत हिरवं: जिवंत झालेले बैल नंतर कामाच्या उपयोगाचे राहत नाहीत. हे वाक्य कुठलाही इन्क्विझिटर घरी बसून रचणार नाही. जनावर कामाला किती येतं, यावर ज्या घराचं पोट अवलंबून आहे, त्या घरातून ते आलं आहे. चमत्कारालाही किंमत चुकवावी लागते, हे जाणणाऱ्या माणसांचं ते वाक्य आहे. असं एक हिरवं वाक्य सापडलं की त्याच्याभोवती प्रकरण बांधता येतं. माझ्या मते या कादंबरीचा कणा हाच बैल आहे.

देवीला ती ज्यांची होती त्यांच्या नजरेने पाहा

ओरिएंते आपल्या मेळ्यासह रात्री धनिकांच्या घरी जाई. तिथे सगळे खात-पीत. घर झाडून-पुसून नीटनेटकं असलं की ती खूश होई आणि घराला आशीर्वाद देई. हे वाचताना मराठी वाचकाला लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ आठवल्याशिवाय राहणार नाही. घर झाडलेलं, उंबऱ्याशी पणती, दार उघडं. ही ओळख तुमच्या लिखाणाला ऊब देईल, ती आतल्या आत जरूर वापरा. पण ओरिएंतेला लक्ष्मी करू नका. तिला कमळ देऊ नका, कुंकू देऊ नका, आरती म्हणवून घेऊ नका. मिलानच्या त्या घरांत काय होतं तेवढंच तिच्या हाती द्या: काठी, वाईन, भाकरी, हाडं.

देवीचं वर्णन जितकं कमी तितकी ती मोठी होते. तिच्या चेहऱ्यावर परिच्छेद खर्च करण्यापेक्षा ती घरातून गेल्यावर घरातली माणसं काय करतात ते लिहा. फरक दाखवण्यासाठी दोन नमुने देतो. पहिला, जसा हा प्रसंग बहुतेक वेळा लिहिला जातो:

“मी आदिमातेची लेक आहे! तुमचा धर्म जन्मण्याआधीपासून आम्ही तिला पूजतो. मला जाळाल, पण तिला कसं जाळाल?”

आणि दुसरा. यात धनिकाच्या घरातली कातेरिना नावाची काल्पनिक मोलकरीण आहे:

‘कातेरिनाने चुलीपुढची राख पुन्हा एकदा भरली. “मघाशी भरलीस की,” मालकीण म्हणाली. “कोपरा राहिला होता,” कातेरिना म्हणाली. कोपऱ्यात काही नव्हतं. तिने तरी वाकून हात फिरवला. मग मेणबत्ती घेऊन मालकीण वर गेली. कातेरिनाने वाईनच्या सुरईवरचं झाकण काढून बाजूला ठेवलं, क्रूसाची खूण केली आणि अंथरुणावर पडली.’

पहिल्या उताऱ्यातली बाई विसाव्या शतकातली आहे. दुसरीच्या मनात चर्च आणि ओरिएंते दोघांनाही जागा आहे, आणि तिने एक शब्द न बोलता ते वाचकाला सांगितलं आहे.

मी मोलकरीण मुद्दाम घेतली. ऐतिहासिक व्यक्तीला नायिका केलं की प्रत्येक पानावर कागदपत्रं हात धरतात. तिच्या जवळ वावरणारं काल्पनिक पात्र निवडलं की सिबिल्ला आणि पिएरिना यांच्या तोंडी नोंदीपेक्षा वेगळं काही घालावं लागत नाही, आणि तुमचा हातही मोकळा राहतो.

कादंबरी सहा वर्षांत आहे

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. या बायकांची चौकशी दोनदा झाली. पहिली १३८४ मध्ये, रुज्जेरो दा काझाले या इन्क्विझिटरपुढे. तेव्हा प्रायश्चित्तावर सुटका झाली. दुसरी १३९० मध्ये, बेल्त्रामिनो दा चेर्नुस्कुल्लो याच्यापुढे. पाखंड सोडतो म्हणून पुन्हा त्याकडे वळणाऱ्याला इन्क्विझिशनच्या नियमात क्षमा नव्हती. या नियमाची जाणीव १३८४ नंतर त्या दोघींच्या डोक्यावर रोज होती.

तरीही गुरुवार चालूच राहिले. का?

बहुतेक लेखक चौकशीची खोली आणि चिता यांना निम्मं पुस्तक देतात. मी म्हणेन, निम्मं पुस्तक या सहा वर्षांना द्या. प्रायश्चित्त घेतलेल्याच्या कपड्यांवर क्रूस शिवण्याची इन्क्विझिशनची रीत होती. तशी खूण अंगावर वागवत पाणी भरायला गेलेल्या बाईशी विहिरीवर कोण बोलतं, कोण नाही? रात्री लपून मुलाचा ताप दाखवायला कोण येतं? ज्यांना औषध हवं आहे आणि ज्यांना भीती वाटते, ती माणसं तीच असतात. नवऱ्याला काय वाटतं? मेळा सोडला तर ओरिएंते रागावेल, ही भीती मोठी की दुसऱ्या चौकशीची? उत्तरं कागदपत्रांत नाहीत. तिथेच कादंबरीकाराचा अधिकार सुरू होतो.

आणि या सहा वर्षांत शहर काय करत होतं ते पाहा. मे १३८५ मध्ये जान गालेआत्सो व्हिस्कोन्तीने आपल्याच काकाला, बेर्नाबोला, पकडून सत्ता हातात घेतली. १३८६ मध्ये नव्या दुओमोचं, म्हणजे मिलानच्या महाचर्चचं बांधकाम सुरू झालं. त्याचा संगमरवर कांदोलियाच्या खाणीतून माज्जोरे तलावावरून, तिचिनो नदीतून आणि नाविल्यो ग्रांदे कालव्याने थेट शहरापर्यंत येऊ लागला. ते चर्च मारियेला वाहिलेलं आहे. एका आईसाठी शहर डोंगर फोडून दगड आणत होतं आणि त्याच शहरात दुसऱ्या बाईचं नाव घेणाऱ्यांवर दुसरा खटला उभा राहत होता. हे कुठल्याही पात्राच्या तोंडून बोलून दाखवू नका. कातेरिनाला फक्त कालव्याच्या काठी उभं करा आणि दगडाची होडी जाऊ द्या.

वर आणखी एक थर आहे: १३७८पासून ख्रिस्ती जगात दोन पोप होते, एक रोमला, एक आव्हिन्योंला. पाखंडी कोण हे ठरवणाऱ्या व्यवस्थेलाच तडा गेलेला होता.

घरातलं, ताटातलं, कानावरचं

इथे चुका पटकन होतात, म्हणून थोडक्यात. टोमॅटो, मका, बटाटा, मिरची हे सगळं अमेरिकेतून, म्हणजे १४९२ नंतर. आज मिलान ज्यासाठी ओळखलं जातं तो भातही तिथल्या गरिबाच्या ताटात तेव्हा नव्हता. लोम्बार्दीत भाताची शेती पंधराव्या शतकात रुजली. बाजरीसारख्या बारीक धान्याची पेज, राई, सलगम, चेस्टनट, डुकराची चरबी, वाईन, एवढ्यावर भागवा. सान गोत्तार्दो चर्चच्या मनोऱ्यावर १३३०च्या दशकापासून तास मोजून वाजणारं घड्याळ होतं, तेव्हा तुमच्या पात्राला रात्री किती वाजले ते ऐकू येऊ शकतं. गुरुवारच्या रात्री हे फार उपयोगी पडेल.

१३४८च्या प्लेगमधून मिलान बरंचसं वाचलं, पण १३६१ मध्ये त्याने शहराला गाठलं. तुमच्या मध्यमवयीन पात्रांच्या आठवणीतली साथ १३६१ची असली पाहिजे. मिलानचा उपासनाविधीही वेगळा आहे, संत अँब्रोजच्या नावाचा. तिथला कार्निव्हल बाकीच्या ख्रिस्ती जगापेक्षा चार दिवस जास्त चालतो.

संवाद लिहिताना इन्क्विझिटर बायकांना ‘तू’ म्हणेल आणि त्या त्याला ‘आपण’ म्हणतील. त्याच्या नावाआधी ‘फ्रा’ (बंधू) ठेवा. ‘महाराज’ किंवा ‘गुरुजी’ केलंत की शहरच बदलतं. बायकांच्या आपसातल्या बोलण्याला मात्र खेड्यातल्या मराठीचा मोकळेपणा द्या. त्यांची प्रार्थना ‘पातेर नोस्तेर’ (‘आमच्या पित्या’ ही लॅटिन प्रार्थना) अशी, अर्थ नीट न कळता पाठ केलेली असू द्या.

इन्क्विझिटरला माणूस ठेवा

मिलानमध्ये हे काम डोमिनिकन पंथाच्या फ्रायरांकडे, म्हणजे धर्मबंधूंकडे, होतं आणि त्यांचं ठाणं होतं सान्त एउस्तोर्जो चर्चपाशी. त्याच चर्चमध्ये संत पीटर मार्टिरची भव्य संगमरवरी कबर आहे, जोव्हानी दी बाल्दुच्चोने १३३९ मध्ये पूर्ण केलेली. हा पीटर स्वतः इन्क्विझिटर होता. ६ एप्रिल १२५२ रोजी कोमोहून मिलानला येताना वाटेत त्याचा खून झाला. त्याच वर्षी मे महिन्यात पोप चौथ्या इनोसेंटने पाखंड्यांच्या चौकशीत छळाची मुभा दिली. फ्रा बेल्त्रामिनो रोज त्या कबरीवरून जात असणार. आपण हुतात्म्याचं काम पुढे नेतो आहोत अशी त्याची श्रद्धा असेल, आणि ती प्रामाणिक असेल. क्रूर, हपापलेला, बायकांना घाबरणारा खलनायक लिहिलात की वाचकाला सुटका मिळते: ते तसे होते, आपण नाही. ती सुटका देऊ नका.

न्यायाधीशाच्या स्वभावावर किती अवलंबून होतं, याचा दाखला ६७ वर्षांनंतरचा. कार्डिनल निकोलस ऑफ कूसा आल्प्समधल्या ब्रिक्सेनचा बिशप असताना, १४५७ मध्ये, फास्सा खोऱ्यातल्या म्हाताऱ्या बायकांची हकिकत त्याने प्रवचनात सांगितली. त्या रिकेल्ला नावाच्या ‘भल्या बाई’ला रात्री भेटत. तिने हनुवटीला हात लावला तेव्हा तो केसाळ लागला, असं त्या म्हणाल्या. कूसाने त्यांची स्वतः चौकशी केली, त्या अर्धवट वेड्या आहेत असं ठरवलं आणि प्रायश्चित्त दिलं. चिता पेटली नाही.

छळाच्या आणि मरणाच्या दृश्यांबद्दल एकच सूचना करतो: वाचकाला जखमा मोजायला लावू नका. खोलीत लेखनिक आहे. त्याची लेखणी कुठल्या शब्दावर चालते आणि कुठल्या शब्दावर थांबते ते दाखवा.

इथलं भान ठेवून शेवटचं वाचन

मराठी लेखकासाठी हा विषय दूरचा नाही. सातपुड्यात, नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर बाईला डाकीण ठरवून मारहाण करण्याचे, गावाबाहेर काढण्याचे प्रकार आपल्या काळात झाले आहेत. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर राज्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांशी बोला. घरातलं आजारपण, जमिनीचा वाद, भगताने घेतलेलं नाव, भाऊबंदांचं गप्प बसणं, ही साखळी ते तुम्हाला नीट समजावतील. मिलानच्या प्रकरणात ती जशीच्या तशी चिकटवू नका, तिथल्या नोंदी वेगळ्या आहेत. पण सगळ्या गावाने पाठ फिरवलेली बाई दुसऱ्या दिवशी सकाळी चूल कशी पेटवते, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांच्याकडून ऐकलं, तर त्या सहा वर्षांची पानं खरी उतरतील.

पहिला खर्डा झाला की महिनाभर बाजूला ठेवा. मग मोठ्याने वाचा. ‘अंधारयुग’, ‘पुरुषसत्ता’, ‘आदिमाता’ असे शब्द पात्रांच्या तोंडी आले असतील तर काढा. जिथे सिबिल्ला किंवा पिएरिना भाषण करते आहे तिथे तिच्या हाताला काम द्या आणि भाषण निम्मं करा. मग पेन्सिली पुन्हा काढा आणि स्वतःचंच हस्तलिखित रंगवा: नोंदीत असलेलं हिरवं, तुम्ही कल्पिलेलं निळं, दुसऱ्या कादंबऱ्यांतून नकळत आलेलं लाल. लाल पानं पुन्हा लिहा. पुस्तकाच्या शेवटी दोन पानांचं टिपण जोडा आणि त्यात कातेरिना काल्पनिक आहे, दोन्ही चौकश्या खऱ्या आहेत आणि मधली सहा वर्षं तुमची आहेत, हे सरळ सांगून टाका.